टेस्टनं सांगितलं पोलीस हो, पण उंची कोणी मोजली?

मागच्या भागानंतर तुमचे व्हॉइस मेसेज बरेच आले, आणि त्यातले निम्मे एकाच प्रश्नावर होते. "दादा, कोणती टेस्ट देऊ म्हणजे मला कळेल की मी कोणतं काम करायला पाहिजे?" एका भावानं तर तीन वेगवेगळ्या वेबसाइटचे स्क्रीनशॉट पाठवले. एकीवर तो 'कलावंत' निघाला, दुसरीवर 'सेनापती', तिसरीवर 'हिशोबनीस'. खाली त्यानं लिहिलं होतं, "मी सध्या पेट्रोल पंपावर आहे. सांगा आता, मी काय करू?"

हसलो मी, पण मग हसू थांबलं. कारण अशीच एक चाचणी आमच्या घरात आली होती, आणि तिनं तीन वर्षं खाल्ली. माझी नाही, माझ्या लहान बहिणीची. आजचा भाग तिच्यापासून सुरू करतो. तिला विचारूनच सांगतोय. ती म्हणाली, "सांग, फक्त माहं नाव घेऊ नको."

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यात. बहीण 2017 साली दहावीला होती. तुमच्यापैकी ज्यांनी त्या काळात दहावी केली त्यांना 'कल चाचणी' आठवत असेल. 2016 पासून आपल्या राज्य मंडळानं श्यामची आई फाउंडेशनच्या मदतीनं दहावीच्या मुलांची ही चाचणी घ्यायला सुरुवात केली. सात क्षेत्रं होती. कृषी, कला आणि मानव्यविद्या, वाणिज्य, ललित कला, आरोग्य विज्ञान, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा. तुमचा कल यातल्या कशाकडे, ते सांगणारा कागद निकालाच्या वेळी हातात यायचा. सुरुवातीला चाचणी शाळेतल्या कॉम्प्युटरवर व्हायची, नंतर मोबाईल अॅपवर आली, आणि काही वर्षांनी बंद झाली.

मी ह्या चाचणीची टिंगल करणार नाही. खरं सांगतो, कल्पना चांगलीच होती. आमच्याकडे दहावीच्या पोराला लोक दोनच प्रश्न विचारतात. टक्के किती पडले, आणि सायन्स घेतोस का. "तुला काय आवडतं?" हे खेड्यातल्या मुलीला आयुष्यात पहिल्यांदा कोणी विचारलं असेल, तर ते त्या कॉम्प्युटरनं विचारलं. तेही फुकटात.

पण विचारलं कसं, ते ऐका. शाळेत चालू अवस्थेतले कॉम्प्युटर चार. मुलं साठच्या वर. लाइट कधी जाईल याचा भरवसा नाही. मागे रांग उभी, सर म्हणतायत, "चला चला, पटापट क्लिक करा, यात काही चुकत नसते." बहिणीनं पटापट क्लिक केलं. कागद आला तेव्हा त्यावर तिचा कल होता गणवेशधारी सेवा.

बाबा तो कागद घेऊन अख्ख्या गावात फिरले. "पोरगी पोलीस होते आमची. सरकारनंच लिहून देल्लं." सरकारनं फक्त कल लिहिला होता, ऑर्डर दिली नव्हती. पण आपल्याकडे शिक्का असलेला कागद म्हणजे कागद.

मग सुरू झालं रनिंग. बारावी झाली आणि पोरगी पहाटे पाचला घाटंजी रोडवर. मुलींना आठशे मीटर धावणं, शंभर मीटर आणि गोळाफेक असते. तिची आठशेची वेळ खरंच चांगली होती. अडचण एकच होती. महाराष्ट्र पोलीस भरतीत मुलींना उंची लागते 155 सेंटिमीटर. आणि आमची ताई होती 153.

हे कोणालाच माहीत नव्हतं असं नाही. सगळ्यांना माहीत होतं. पण जो भेटेल तो म्हणायचा, "दोन सेंटिमीटर तं वाढतेच. लटकत जाय." घरामागच्या कडुनिंबाच्या फांदीला बाबांनी लोखंडी पाइप बांधून दिला. ती रोज संध्याकाळी त्याला लटकायची. मी तेव्हा यवतमाळला अभ्यासिकेत होतो, शनिवारी गावी जायचो तेव्हा बघायचो. पोरगी लटकलेली, आई खालून मोजते आहे, एक्कावन, बावन, त्रेपन... सेकंद मोजायची ती. सेंटिमीटर नाही.

तीन वर्षं. उंची 153 च राहिली.

बऱ्याच दिवसांनी, राग, रडणं, सगळं होऊन गेल्यावर, मी तिला एकदा निवांत विचारलं, "तू त्या चाचणीत नेमकं काय भरलं होतं?" तिचं उत्तर मी जसंच्या तसं लक्षात ठेवलं आहे. ती म्हणाली, "दादा, वर्दीचा प्रश्न आला की मी हो म्हणत गेली. मले काय मालूम काय असते ते. नोकरी करणाऱ्या बाया मी तोवर पाह्यल्याच किती होत्या? शाळेतल्या मॅडम, अंगणवाडीताई, आशाताई, अन् घाटंजीच्या स्टँडवरची कॉन्स्टेबल. त्यातल्या एकीचंच लोक ऐकत होते."

थांबा जरा या वाक्यावर. मी पण थांबलो होतो.

तिला वर्दी आवडत होती का? नाही. धावणं? ते नंतर आवडायला लागलं. तिला हवं होतं की आपण बोललो तर समोरच्यानं ऐकावं. आणि असं घडताना तिनं आयुष्यात फक्त एका बाईच्या बाबतीत पाहिलं होतं. चाचणीनं तिच्या मनात डोकावून पाहिलं नाही. कोणतीच चाचणी पाहत नाही. चाचणी तुमची उत्तरं मोजते, आणि तुमची उत्तरं तुम्ही जेवढं जग पाहिलं तेवढ्यातूनच येतात.

आता थोडं मागे जाऊ, शंभर वर्षांपेक्षा जास्त. ही 'स्वतःला ओळखा, मग काम निवडा' वाली भानगड सुरू कुठून झाली, ते मी शोधून वाचलं. अमेरिकेत बोस्टन शहरात फ्रँक पार्सन्स नावाचा एक माणूस होता. 1908 साली त्यानं तिथल्या तरुण पोरांसाठी, त्यात बाहेरून आलेल्या गरीब कुटुंबांतली पोरं पुष्कळ, कामधंद्याचा सल्ला देणारं एक कार्यालय उघडलं. त्याच वर्षी तो वारला. त्याचं 'चूझिंग अ व्होकेशन' हे पुस्तक 1909 मध्ये, तो गेल्यावर आलं. जगभरच्या करिअर मार्गदर्शनाचं मूळ या पुस्तकात धरतात. त्याचं म्हणणं साधं होतं. आधी स्वतःला नीट ओळखा. मग कामं ओळखा, म्हणजे कोणत्या कामात काय लागतं, काय मिळतं, काय सोसावं लागतं, पुढे वाट आहे का. आणि मग या दोन्हींचा मेळ डोकं लावून घाला.

यातल्या पहिल्या भागाचं पुढे जगभर दुकान झालं. टेस्ट, अॅप, क्विझ, सगळं त्याच्यावर. दुसरा भाग आपण सोडूनच दिला. कारण स्वतःला ओळखायला वीस मिनिटं आणि मोबाईल पुरतो असं वाटतं. कामं ओळखायला घरातून उठून जावं लागतं. माझ्या बहिणीच्या बाबतीत पहिला भाग सरकारनं करून दिला, आणि दुसऱ्या भागातली सगळ्यात सोपी गोष्ट, म्हणजे मोजपट्टी, ती दहावीतच भिंतीला लावून कोणी हिशोब केला नाही. आम्ही कोणीच नाही, मीसुद्धा नाही.

बरं, आता माझं.

मी चार वर्षं स्पर्धा परीक्षा केली. यवतमाळच्या अभ्यासिकेत. ते जग तुम्हाला माहीत आहे, त्यावर आपण दोन भाग केले आहेत, परत नाही जात तिकडे. शेवटी वय आणि बाबांचा चेहरा बघून एका फायनान्स कंपनीत लागलो. महिलांच्या गटांना छोटी कर्जं देणारी कंपनी. नाव घेत नाही, आणि नावाचा प्रश्नही नाही, काम सगळीकडे सारखंच असतं. माझा एरिया मारेगाव, झरी जामणी, वणीचा काही भाग. सकाळी सातला पहिल्या गावात मिटिंग. बाया ओट्यावर गोल बसतात, हप्ते गोळा करायचे, अॅपमध्ये टाकायचे, पुढचं गाव. दुपारी थकीतवाल्यांच्या घरी चकरा. महिनाअखेर नवीन कर्जांचं टार्गेट.

आपल्या भागात पैसा कधी येतो? दिवाळीच्या आसपास कापूस घरात यायला लागतो तेव्हा. आणि हप्ता कधी असतो? दर आठवड्याला. जुलै-ऑगस्टमध्ये, पेरणी, खत, निंदण सगळं अंगावर आलेलं असताना, एखाद्या बाईच्या दारात उभं राहून "ताई, आज द्यावंच लागते" म्हणायचं. ती आत जाते. तुम्हाला आतून डब्यांचा आवाज ऐकू येतो. एक डबा उघडला, बंद केला. दुसरा डबा. मंडळी, तो आवाज ऐकत बाहेर उभं राहणं हे माझं काम होतं. पगार एकोणीस हजार, पेट्रोल वेगळं.

मला वर्षभरात असं वाटायला लागलं की मला माणसंच आवडत नाहीत. गाड्या चालवून कंटाळलो आहे. खेडी नकोत. कुठंतरी पुण्याला एसीत कॉम्प्युटरसमोर बसायचं काम पाहिजे. अगदी ठाम मत होतं माझं. राजीनामा फोनमध्ये टाइप करून ठेवलेला होता.

त्या काळात मी एक चाचणी दिली. अमेरिकेच्या कामगार खात्याची फुकट आहे, ओनेट नावाच्या वेबसाइटवर. इंग्रजीत आहे, पण भाषा सोपी आहे. साठ कामं देतात, प्रत्येक कामापुढे हसऱ्यापासून रडक्यापर्यंत पाच चेहरे असतात. हे काम करायला आवडेल का, एवढंच विचारतात. पगार किती, शिक्षण किती, त्याचा विचार करू नका असं आधीच सांगतात.

तिच्या मागे जॉन हॉलंड या मानसशास्त्रज्ञाचा सिद्धांत आहे. हा माणूस दुसऱ्या महायुद्धात सैन्यात होता, आणि भरती होणाऱ्यांच्या मुलाखती घ्यायचं काम त्याच्याकडे होतं. शेकडो लोकांचे कामधंदे ऐकता ऐकता त्याला वाटलं की माणसांच्या आवडी अगदी हजार प्रकारच्या नसतात, त्यांचे थोडेच गट पडतात. 1959 मध्ये त्यानं हा विचार मांडला, आणि पुढे त्यातून सहा गट पक्के झाले. मी ते आपल्या भाषेत सांगतो. हातानं, यंत्रानं, मातीत काम करायला आवडणारे. शोध घ्यायला, कारण काढायला आवडणारे. काहीतरी नवं रचायला आवडणारे. माणसांना शिकवायला, सांभाळायला, मदत करायला आवडणारे. समोरच्याला पटवायला, विकायला, पुढारपण करायला आवडणारे. आणि कागदपत्रं, आकडे, नोंदी नीट लावायला आवडणारे. कोणीही एकाच गटातला नसतो. दोन-तीन गटांचं मिश्रण असतं, म्हणून निकालात सहाही गटांचे आकडे येतात.

माझा निकाल आला आणि मी वैतागलो. सगळ्यात वर काय? माणसांना मदत करणं. मी म्हटलं, झालं, ही पण बोगस. मी तर माणसांना कंटाळलो आहे! दुसऱ्या नंबरवर नोंदी, कागदपत्रं. आणि सगळ्यात खाली, जवळजवळ शून्यावर, पटवणं आणि विकणं.

मी फोन बाजूला ठेवला. पण तो शेवटचा आकडा डोक्यातून जाईना. आता तुम्हाला एक गोष्ट सांगतो जी मला कोणत्याच टेस्टवाल्यानं सांगितली नाही, स्वतःलाच सापडली. निकालात आपण सगळे वरचा आकडा बघतो. मला उपयोग झाला खालच्या आकड्याचा. आवडतं काय यात आपण स्वतःला फसवू शकतो, कारण न पाहिलेल्या गोष्टी आवडल्यासारख्या वाटतात. नावडतं काय, ते बहुतेक वेळा करून बघितलेलं असतं. अंगावरून गेलेलं असतं.

मग मी एक काम केलं. महिनाभर वही ठेवली. शंभर पानी, किराणा दुकानात मिळते ती. रोज रात्री दोनच ओळी. आज कोणत्या वेळी मी घड्याळ बघितलं नाही, आणि कोणत्या वेळी पोटात गोळा आला. बस. "आज मूड कसा होता" वगैरे काही नाही.

महिन्यानंतर वाचली तेव्हा मीच चकित झालो. गोळा कधी येत होता? महिनाअखेरीला टार्गेटच्या फोनवर, आणि थकीतवाल्यांच्या दारात. गावात जाताना नाही. गाडीवर नाही. बायांमध्ये बसताना तर अजिबात नाही. आणि घड्याळ कधी बघितलं नाही? मिटिंग संपल्यावरचा अर्धा तास. त्या अर्ध्या तासात बाया कागद घेऊन यायच्या. "भाऊ, हे पीकविम्याचं काय लिहिलं पाह्य बरं." "माह्या पासबुकात पैसे आले का?" "केवायसी झालं नाही म्हणते, काय करू?" मी फोनवरून जमेल तेवढं करून द्यायचो. एका म्हाताऱ्या कोलाम आजीच्या आधार कार्डावर जन्मतारीख चुकलेली होती, तिच्यामागे मी तीन आठवडे लागलो होतो. पगारात याचे शून्य रुपये. उलट साहेब ओरडायचे, एका सेंटरवर एवढा वेळ काहून लागते म्हणून.

म्हणजे चाचणी बरोबर होती आणि मी चूक होतो. मला माणसांचा कंटाळा नव्हता. मला माणसांकडून काढून घेण्याचा कंटाळा होता. एकाच नोकरीत, एकाच ओट्यावर, त्याच बायांसोबत, माझ्या सगळ्यात आवडत्या आणि सगळ्यात नावडत्या कामात अर्ध्या तासाचं अंतर होतं. मी पुण्याला जाऊन एखाद्या कॉलसेंटरमध्ये विक्रीला बसलो असतो तर एसीत बसून तोच गोळा पोटात घेतला असता. नोकरीचं नाव बदललं असतं, काम तेच राहिलं असतं.

पण पार्सन्सचा दुसरा भाग राहिला होता. काम पाहणं. रजा टाकून, रविवार धरून, मी कामं बघत फिरलो. एका आपले सरकार सेवा केंद्रात दोन दिवस नुसता बसलो, चालवणाऱ्याला आधी विचारून. तिथं कळलं की मदतीचं काम आहे खरं, पण सर्व्हर बंद पडला की दिवसभर शिव्या खाणं हेही काम आहे, आणि उत्पन्न हंगामी. एका जिनिंगच्या ऑफिसात गेलो. आकड्यांचं काम होतं, पण माणसं फक्त सीझनला. मग एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या ऑफिसात गेलो. सभासद शेतकऱ्यांची नोंदणी, तूर-हरभऱ्याची हमीभावानं खरेदी, सातबारा, आधार, पासबुक तपासणं, ओलावा मोजणं, वजनाची पावती, पैसे जमा झाले का त्याचा पाठपुरावा. तिथं मी संध्याकाळी पाचला घड्याळ बघितलं तेव्हा मला वाटलं दुपारचे दोन वाजले असतील.

जागा निघायला सात महिने लागले. तोपर्यंत हप्ते गोळा करतच होतो. पगार चौदा हजार. एकोणीसचे चौदा. आई म्हणाली, "लोकं वर चढतात, तू उतरून राह्यला." मामा म्हणाले, आता पोरगी कोण देईल. विदर्भात ह्या वाक्याचं वजन किती असतं ते लग्नाळू पोरांना सांगायला नको. दोन स्थळं खरंच गेली. मी असं नाही म्हणणार की काही फरक पडला नाही. पाच हजारांचा फरक पडतो. गाडीचा हप्ता मला बाबांनी दोनदा भरून दिला, आणि तो देताना ते काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

आणि नवीन कामात सगळं गोड आहे असंही नाही. खरेदीच्या दिवसांत पंधरा-पंधरा तास होतात. माल ओला म्हणून परत करावा लागतो तेव्हा शेतकरी माझ्याकडे ज्या नजरेनं बघतो ती नजर मी ओळखतो, त्या दारातल्या बाईचीच. फरक हाच की इथं मी त्याला सांगू शकतो, "काका, दोन ऊन द्या अन् परवा घेऊन या, मी आहे." आणि परवा मी असतो.

आता तुमच्या प्रश्नावर येतो. कोणती टेस्ट द्यायची. आधी एवढं समजून घ्या की तीन वेगळ्या गोष्टी मोजणाऱ्या चाचण्या असतात आणि लोक त्यांची खिचडी करतात. कल म्हणजे काय करायला आवडतं. अभिक्षमता म्हणजे काय जमण्याची शक्यता आहे, आकड्यांत, भाषेत, आकृत्यांत, यंत्रांत. आणि स्वभाव. मला भजनात गायला फार आवडतं, हा कल. माझा आवाज ऐकून पेटीवाले काका पेटी बंद करतात, ही क्षमता. आपल्या कल चाचणीत सुरुवातीला आवडच विचारत होते. ताईला पोलीस व्हायला जमेल का, हे तिनं मोजलंच नव्हतं. तसा दावाही केला नव्हता, दावा आम्ही केला.

सोळा प्रकारांत माणसं बसवणाऱ्या ज्या क्विझ इन्स्टावर फिरतात, 'सेनापती' वगैरे, त्या करायला मजा येते. मित्रांसोबत करा. पण नोकरी त्याच्यावर ठरवू नका. तोच माणूस महिन्याभरानं तीच टेस्ट देतो आणि दुसऱ्याच खान्यात जातो, हे खूप वेळा होतं.

आणि एक गोष्ट अगदी स्पष्ट सांगतो. आपल्या तालुक्याच्या गावांत शाळांमध्ये, हॉलमध्ये, बोटांचे ठसे घेऊन मुलाचं करिअर सांगणारे लोक येतात. मोठा रंगीत रिपोर्ट देतात, मेंदूचं चित्र असतं, टक्केवारी असते. माझ्या काकांनी पोराच्या ठशांचे साडेचार हजार दिले, तेही सोयाबीन विकून. बोटांच्या रेषांवरून कल, बुद्धी किंवा करिअर कळतं याला कसलाही वैज्ञानिक आधार नाही. मशीन आहे, लॅपटॉप आहे, कोट-टाय आहे, म्हणून विज्ञान होत नाही. तो पैसा पोराच्या बसच्या पासला लावा.

नीट चाचणी आणि नंतर बोलायला माणूस हवा असेल, तर पुण्यात ज्ञान प्रबोधिनीसारख्या संस्था कित्येक वर्षं मानसशास्त्रीय चाचण्यांचं काम करतात. तेवढं लांब जाणं होत नसेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी जुनं एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज आहे, त्याचं आताचं नाव लांबलचक आहे, जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र. तिथं जाऊन विचारा. विचारायला पैसे लागत नाहीत. केंद्र सरकारचं नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टल 2015 पासून आहे, तिथं नोंदणी फुकट आहे.

चाचणी देताना एक पथ्य पाळा. घाईत देऊ नका, आणि कोणी मागे उभं असताना तर मुळीच नको. बाबा सोफ्यावर बसून बघत असतील तर तुमची बोटं आपोआप 'अधिकारी'कडे जातात. माझी गेली होती. पहिल्यांदा मी यवतमाळच्या रूमवर दिली तेव्हा रूम पार्टनर डोकावत होता, आणि माझा निकाल आला पुढारपण! दुसऱ्यांदा एकट्यानं दिली, तोच निकाल मी वर सांगितला.

आणि अपेक्षा किती ठेवायची? 2020 मध्ये अमेरिकेतल्या काही संशोधकांनी या विषयावरचे शंभरहून जास्त जुने अभ्यास एकत्र करून तपासले. प्रश्न असा की आवडीचं काम मिळालं तर माणूस कामात जास्त समाधानी असतो का? उत्तर निघालं, संबंध आहे, पण लोकांना वाटतो तेवढा मोठा नाही. पगार, वरचा साहेब, सोबतची माणसं, ती संस्था कशी आहे, यांचं वजन भरपूर असतं. मला हे वाचून बरं वाटलं. कारण मी तेव्हा विचार करत होतो की फायनान्सच्या त्याच नोकरीत साहेब चांगला असता आणि टार्गेट माणसाला झेपेल असं असतं, तर मी सोडली असती का? प्रामाणिकपणे सांगतो, कदाचित नसती. म्हणून ज्याचा त्रास साहेबाचा आहे त्यानं टेस्ट देऊन करिअर बदलू नये. आधी ब्रांच बदलून बघावी.

पेट्रोल पंपवाल्या भावा, तुझ्या मेसेजला उत्तर देतो. तीन स्क्रीनशॉट बाजूला ठेव. तू पंपावर आहेस म्हणजे तुझ्यासमोर रोज शेकडो माणसं येतात, पैसे मोजले जातात, मशीन बिघडते, टँकर उतरतो, रात्री हिशोब लागतो. एवढी वेगवेगळी कामं एका ठिकाणी दिसतील अशी जागा फार कमी लोकांना मिळते. महिनाभर वही ठेव. कोणत्या वेळी घड्याळ बघितलं नाहीस ते लिही, आणि मला पाठव. मग बोलू आपण, टेस्ट नंतर देऊ.

बहिणीचं काय झालं, ते विचारणारच तुम्ही. भरतीचा नाद सुटल्यावर एक वर्ष ती घरी होती. मग आईच्या ऑपरेशनच्या वेळी यवतमाळच्या मेडिकल कॉलेजच्या वॉर्डात तिनं बारा दिवस काढले, आणि तिथं तिला एक सिस्टर दिसली, जिनं बोललं की अख्खा वॉर्ड, नातेवाईक, एकदा तर एक तरुण डॉक्टरसुद्धा, गुपचूप ऐकत होते. ती मोजणीतली पाचवी बाई. ताईनं नर्सिंगला अॅडमिशन घेतलं. आता ती एका दवाखान्यात आहे, नाइट ड्युट्या करते, पाय दुखतात म्हणून कुरकुरते, पगार माझ्यापेक्षा जास्त आहे हे दर राखीला आठवण करून देते.

मागच्या दिवाळीत मी तिला ती साठ प्रश्नांची टेस्ट द्यायला लावली. म्हटलं, बघू तर खरं आता काय येते. तिनं फोन हातात घेतला, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "देतो मी. पहिले टेप आण. उंची मोजून घे, मंग सुरू करू."